सिंकखालचा हट्टी नट: ३४ वर्षं जुन्या कपलिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची सोसायटी पुण्यातली, १९८३ सालची, तीन मजली, बिनलिफ्टची. मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या विभागात, २७ वर्षं काढली. आता घरीच असतो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचं काही अडलं की बेल माझी वाजते. हे प्रकरण दुसऱ्या मजल्यावरच्या काका-काकूंच्या स्वयंपाकघरातलं. त्यांना विचारूनच लिहितोय, नावं तेवढी गाळली आहेत.

त्यांचा ओटा १९९१ साली नव्याने झाला. अखंड कडप्पा, त्याला खालून धरलेलं स्टीलचं सिंक, आणि दोघांच्या मधली फट पांढऱ्या सिमेंटने भरलेली. सिंकच्या तळाला दीड इंची पितळी वेस्ट कपलिंग, म्हणजे सांडपाणी पाइपात सोडणारा जोड. ज्यांनी ओट्याखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी: कपलिंगची वरची चकती सिंकच्या आतून बसते, तिची आटे पाडलेली नळी भोकातून खाली उतरते आणि खालून चेकनट आवळला की सिंकचा पत्रा चकती आणि नट यांच्यामध्ये दाबला जातो. नळीच्या टोकाला पांढरा वेस्ट पाइप. पाणी अडतं ते मधल्या वॉशरमुळे, आट्यांमुळे नाही. हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

३४ वर्षांत तो पांढरा पाइप चार वेळा बदलला. कपलिंगला मात्र कुणी हात लावला नव्हता. किंवा हात लावला होता, पण सोडवायला नाही, लिंपायला. मूळ मिस्त्रीने आट्यांवर सफेदा (सांधा बंद करायची पांढरी पेस्ट) लावलेली सुतळी गुंडाळली होती. त्यावर कुणीतरी पांढरं सिमेंट थापलं. त्यावर दोन गोळ्या एकत्र मळून लावतात त्या पुट्टीचे तीन थर, तीन वेगवेगळ्या वर्षांचे. झाडाच्या खोडाची कडी मोजावी तसे ते मोजता येत होते.

अडचण

गणपती बसले होते आणि सोमवारी गौरीचं जेवण होतं. घरी पंचवीस पानं. शुक्रवारी सकाळी काकूंनी ओट्याखालचं दार उघडलं तर रव्याच्या डब्याखाली पाणी. चकतीच्या कडेने आत झिरपून नटावरून थेंब पडत होता, मिनिटाला दहाबारा. बादली ठेवून चार दिवस निभावलं असतं, पण पंचवीस माणसांची भांडी त्या सिंकमध्ये पडणार, आणि ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड एका कोपऱ्यात आधीच फुगून पापुद्रे सोडत होतं.

काकांनी ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. तो हातावर काम घेऊन पळणारा माणूस, सणाच्या दिवसांत तर जास्तच. त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पोराने दीड तास झटापट केली आणि दुपारी हात टेकले. "सिंकच बदलावं लागेल, दिवाळीनंतर बघू," असं सांगून तो गेला. मग माझी बेल वाजली.

मी पोचलो तेव्हा तीन गोष्टी घडून गेल्या होत्या आणि पुढच्या सगळ्या निर्णयांवर त्यांची सावली पडली.

पहिली गोष्ट सगळ्यात गंभीर. गळती दिसायच्या आदल्या रात्री सिंक तुंबलं होतं म्हणून काकूंनी ड्रेन साफ करायची पावडर ओतली होती. तिच्यात कॉस्टिक सोडा असतो. पोराने पाइप सोडवला तेव्हा आत साठलेलं ते पाणी त्याच्या मनगटावर आलं. काकू लिंबू घेऊन धावल्या, कारण सोड्याला आंबट हा हिशेब. सुदैवाने काकांनी त्याचा हात आधी नळाखाली धरला. कॉस्टिकवर लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचं नसतं. भरपूर वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. पोराचा हात लाल झाला, फोड आला नाही. डोळ्यात गेलं असतं तर हे प्रकरण वेगळंच झालं असतं.

दुसरी: कपलिंगच्या तोंडात जी अधिक चिन्हासारखी पट्टी असते, तिच्यात मोठा डिसमिस अडकवून वरून फिरवायचा प्रयत्न झाला आणि पट्टी तुटली. म्हणजे खाली नट फिरवताना वर कपलिंग धरून ठेवायची जी एकमेव जागा होती, ती गेली.

तिसरी गोष्ट मला काकांच्या वर्णनावरून कळली. त्यांनी हाताने करून दाखवलं, "असा फिरवत होते." दिशा उलटी होती. सिंकखाली उताणं पडून वर पाहिलं तर नट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. पण ओट्यासमोर उकिडवं बसून, हात आत घालून, मनातल्या मनात वरून बघत फिरवलं तर तीच दिशा घड्याळाच्या काट्यांसारखी वाटते. प्लंबरला हे ठाऊक नसेल असं मी म्हणणार नाही. पण अंधारात, पान्याला लांब पाइप लावून, दोघं आलटून पालटून जोर लावत असताना काही वेळ तरी त्यांनी तो नट आवळला, हे नक्की. पाना निसटून नटाच्या कडा गोल झाल्या होत्या आणि सिंकचा तळ भोकाजवळ एका बाजूला खाली ओढला गेला होता.

समोरचे पर्याय

मी काकूंना एकच विचारलं, "यातलं काय वाचवायचंय?"

त्या म्हणाल्या, "अरे, सिंकचं काय, नवीन आणू. ओट्याला धक्का लावू नकोस. हा कडप्पा आता मिळत नाही."

पण सिंक खालून बसवलेलं, सिमेंटने धरलेलं. ते काढायचं तर कडप्प्याची कड हातोड्याखाली येणार. ओटा वाचवायचा असेल तर सिंक वाचवणं भाग होतं, आणि सिंक वाचवायचं तर कपलिंग मरायला मोकळं होतं. वाचून हे सरळ वाटतं. तरी मी पुढचे कित्येक तास ते कपलिंग जणू माझ्या मावशीचा दागिना असल्यासारखं अखंड काढायच्या मागे लागलो. ते पुढे येईलच.

उष्णतेचा विचार पहिल्यांदा आला. टूलरूमची सवय. गॅसची टॉर्च नटावर धरली की तो फुगतो, सुटतो. पण त्याच कपाटात, सिंकपासून हातभर अंतरावर, १४.२ किलोचा सिलिंडर उभा. आपल्याकडे बऱ्याच स्वयंपाकघरांत सिंक आणि सिलिंडर एकाच ओट्याखाली शेजारी शेजारी नांदतात. तो हलवला तरी फुगलेलं प्लायवूड, सनमायका आणि रबरी नळी तिथेच. ज्योत बाद. ठिणग्यांमुळे ग्राइंडरही बाद, शिवाय त्या अडचणीत तो फिरवायला जागाच नव्हती.

प्लंबर जाता जाता म्हणाला होता, सिंकमध्ये उकळतं पाणी ओता, सैल होईल. इथे जरा थांबायला हवं, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. उकळतं पाणी आतून जातं, म्हणजे आधी तापते आतली नळी. ती फुगून नटात आणखी घट्ट बसते. तापवायचा असतो बाहेरचा नट, आणि आतली नळी गार ठेवायची. पितळ एका अंशाला, दर मीटरमागे साधारण १९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. दीड इंची आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे ४८ मिमी. दोघांत ६० अंशांचा फरक पाडता आला तरी मिळणार ०.०५ मिमीच्या आसपास, म्हणजे एका केसाइतकं. ताज्या गंजाला ते पुरतं. पुट्टीच्या तीन थरांना पुरेल का, ही शंका मला तेव्हाच होती.

आम्ल हा काकांचा पर्याय. त्यांनी संडास साफ करायची बाटली आणूनच ठेवली होती. ती मी परत पाठवली. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते स्टीलच्या सिंकला बारीक खड्डे पाडतं. कडप्पा तर चुनखडीचाच दगड, आम्लाचा थेंब पडला की पांढरा डाग कायमचा. आणि पाइपात कॉस्टिकचा अंश शिल्लक असताना वरून आम्ल ओतणं म्हणजे तोंडावर उसळी घेणं.

राहिले दोन रस्ते: गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर थांबायचं, किंवा नट कापायचा. वेळ होता, म्हणून तेलापासून सुरुवात करायचं ठरलं. हा निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती थांबायचं कधी, हे न ठरवण्यात.

प्रत्यक्षात काय केलं

शुक्रवारी संध्याकाळी आधी सिलिंडर बंद करून, रेग्युलेटर काढून गॅलरीत नेला. कपाट रिकामं केलं. सिंकमधून दहा मिनिटं साधं पाणी सोडलं, खाली बादली धरून, म्हणजे सोड्याचा अंश निघून जावा. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. मी उताणा, उशीवर डोकं, काका बॅटरी धरून. काका अधूनमधून बॅटरी माझ्या तोंडावर मारत होते, ते सोडलं तर सोय चांगली होती.

तेल मारण्याआधी पुट्टी काढणं गरजेचं. तेल आट्यांत शिरलं तर काम करणार, आणि आट्यांच्या तोंडावर तर पुट्टीचं बूच. इथे उष्णता खरंच कामाला आली: काकूंच्या सुनेचा केस वाळवायचा ड्रायर. या जातीची पुट्टी तापली की मऊ पडते. दहा मिनिटं गरम हवा, मग जुन्या छन्नीने खरवड, पुन्हा हवा. तासाभरात तिन्ही थर आणि खालचं सिमेंट निघालं. नटाच्या खालचे आटे पहिल्यांदा दिसले. काही हिरवे, काही चक्क तांब्यासारखे लाल.

लाल पितळ पाहून मी सावध व्हायला हवं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की त्यातलं जस्त विरघळून जातं आणि मागे राहतं ते सच्छिद्र, ठिसूळ तांबं. आकार तोच, ताकद गेलेली. वरची पट्टी इतक्या सहज का तुटली, याचंही उत्तर तेच. असा तुकडा फिरवून अखंड निघेल ही आशा तिथेच सोडायला हवी होती.

ती मी सोडली नाही. रात्री तेल मारलं, तीनदा, तासातासाने. शनिवारी सकाळी सहाला पुन्हा खाली. सिंकमध्ये भोकात फडकं कोंबून वर बर्फ, खाली नटाला गरम पाण्यात पिळलेलं फडकं. मग चेन पाना, साखळीने गोल वस्तू पकडणारा. नट फिरला! आम्ही दोघं ओरडलो. काकू देवघरातून धावत आल्या. फिरला होता तो नट नव्हे, नटासकट अख्खं कपलिंग. वर धरायला पट्टीच नव्हती. मग सागवानी लाकडाची पाचर घासून कपलिंगच्या तोंडात ठोकली, तिला पाना लावून काकांनी वरून धरायचं ठरलं. पाचर दोनदा निसटली, तिसऱ्यांदा फुटली. दुसऱ्या प्रकारची पाचर करायला मी घरी निघालो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. हातात चहा.

"तुला तो नट कशाला हवाय?" त्यांनी विचारलं.

साडेनऊ वाजले होते. साडेतीन तास. मी घरी गेलो आणि पाचरीऐवजी हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापायच्या करवतीचं, पातं घेऊन आलो.

फ्रेम त्या जागेत मावत नाही, म्हणून नुसतं पातं, इंचाला २४ दातांचं, एका टोकाला जाड फडकं गुंडाळून मूठ केलेली. दात आपल्याकडे तोंड करून, म्हणजे ओढताना कापेल. नुसतं पातं ढकललं तर वाकतं आणि तुटतं. नटावर उभा काप घ्यायचा, बाहेरून आत आट्यांकडे, नळीत पूर्ण जायची गरज नाही. मागच्या बाजूला भिंत चार इंचांवर, तिथे हात जात नव्हता, म्हणून एक काप समोर आणि दुसरा डाव्या हाताला. वर सिंकचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. पातं वर निसटून त्याला लागू नये म्हणून नट आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या पत्र्याच्या डब्याची पट्टी सरकवली. पितळ कापायला मऊ, ती अडचण नव्हती. अडचण होती खांद्याची.

पहिला काप १२ मिनिटं, दुसरा १५. मग समोरच्या कापात छन्नी बसवून हातोडीचा एक हलका ठोका आणि छन्नीला पीळ. टक् आवाज झाला. नट दोन तुकड्यांत खाली, बादलीत. तुटलेली कड आतपर्यंत लाल होती.

कपलिंग अजून वर चिकटलेलंच होतं, चकतीखालच्या जुन्या सफेद्याने. खालून नळीला लाकडाचा ठोकळा लावून तीन ठोके दिले, चकती एका कडेने उचलली गेली, तिथे बोथट सुरी सरकवून फिरवली आणि निघाली.

मग बोहरी आळी, पुण्यातला हार्डवेअरचा बाजार. मी जुना तुकडा पिशवीत घालून रविवार पेठेत गेलो ते बरं झालं, कारण पहिल्याच दुकानात प्रश्न आला, "तीन इंची की चार इंची?" हल्लीची सिंकं मोठ्या भोकाची, जाळीची टोपली असलेली. दीड इंची मागणारे कमी. दुसऱ्या दुकानात मालकाने तुकडा हातात घेतला, चकतीचा व्यास मोजला आणि न बोलता मागच्या खणातून पितळी फुल थ्रेडचं, म्हणजे नळीला पूर्ण लांबीभर आटे असलेलं, काढून दिलं. कपलिंग, दोन जाड रबरी वॉशर, नवा पाइप, सगळं मिळून ८०० रुपयांच्या आत.

बसवण्याआधी सिंकच्या भोकाची वाकलेली कड खाली ठोकळा आणि वर रबरी हातोडा घेऊन शक्य तितकी सपाट केली. चकतीखाली एक वॉशर, नटावर एक. सुतळी नाही, सफेदा नाही, सिमेंट नाही. पाणी वॉशर अडवतो, आणि उद्या कुणाला हे सोडवायचं झालं तर ते सुटायला हवं. नट हाताने बसेपर्यंत आणि मग पान्याने पाव फेरा. काका म्हणाले, अजून थोडं आवळ. नाही आवळलं. जास्त आवळलेला रबरी वॉशर बाहेर फुगतो आणि तिथूनच गळतो.

निकाल

चाचणी अशी केली: बूच लावून सिंक काठोकाठ भरलं, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला, मग बूच एकदम काढलं. नुसता नळ सोडून बघितलं तर जोर पडत नाही, भरलेलं सिंक एकदम सोडलं की खरं कळतं. कागद कोरा. रविवारी सकाळी मात्र कागदावर एक ओला ठिपका होता, आठ आण्याएवढा. नवा रबर दबून बसला की असं होतं. पावचा अर्धा फेरा आणखी दिला. सोमवारी पंचवीस पानांची भांडी घासली गेली, कागद कोरा. आठ दिवसांनी पाहिला, महिन्याने पाहिला, कोरा.

पाइपाचं दुसरं टोक जिथे भिंतीतल्या ड्रेनमध्ये जातं, तिथली फट बंद करायची त्या गडबडीत राहिली. दसऱ्याच्या सुमारास काकूंनी झुरळांची तक्रार केली तेव्हा रबरी कॉलर घालून ती बंद केली. ते काम पहिल्याच दिवशी पाच मिनिटांचं होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला प्रश्न पाइपाला हात लावण्याआधी: यात काय ओतलंय? कॉस्टिक, आम्ल, ब्लीच, काहीही. हा प्रश्न प्लंबरने विचारायचा असतोच, पण त्याचं उत्तर घरच्यांनी न विचारता सांगायचं असतं. काकूंना वाटलं, ती पावडर रात्रीच वाहून गेली. तुंबलेल्या पाइपातून ती जाणार कुठे?

तेल मारून एक रात्र थांबणं मी पुन्हा करीन. त्यात पैसा जात नाही आणि नट बरा असेल तर काम होतं. पण सकाळी अर्धा तास, जास्त नाही, आणि पितळ लाल दिसलं तर तोही नाही. थेट पातं. दोन्ही काप मिळून अर्धा तास लागला नाही. त्याआधी माझे साडेतीन तास गेले आणि प्लंबरचे दीड. हे सगळे तास एका अशा नटाला अखंड काढण्यात गेले, जो शेवटी भंगारवाल्याकडे जायचा होता.

प्लंबरच्या जागी मी असतो तर दिशा खडूने नटावर लिहिली असती. हसू नका, टूलरूममध्ये आम्ही लिहायचो. आणि लांब पाइप लावून जोर वाढवण्याआधी सिंकच्या तळाकडे एकदा पाहिलं असतं. नट हलत नाही आणि पत्रा हलतो, असं दिसलं की तिथेच हात थांबवायचा.

तो पत्रा काही पूर्ण सपाट झाला नाही. भोकाच्या उजव्या हाताला तळव्याएवढा खळगा राहिला आहे. सिंक रिकामं झालं तरी तिथे दोन चमचे पाणी साचतं, आणि काकू रात्री ओटा पुसून झाला की शेवटचं फडकं तिथे फिरवतात.